काजूचा ४८ ट्रेचा ड्रायर, दोन पावसाळे वापरून झाल्यावर लिहितोय

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमचं काजू फोडायचं छोटं युनिट आहे. आधी गर वाळवायला जुना बोर्मा होता, म्हणजे खाली टरफलं जाळायची आणि वर जाळ्यांवर गर, पण टरफलात तेल असतंय त्यामुळं धूर जरा जरी आत शिरला की गराला वास लागायचा आणि सगळा माल कमी भावात द्यावा लागायचा. म्हणून करंटवरचा ट्रे ड्रायर घेतला, ४८ ट्रे, १२ किलोवॅटचा हीटर, थ्री फेज. ट्रे स्टीलचेच घ्या हे आधीच सांगतो, ॲल्युमिनियमचे स्वस्त पडतात पण धुऊन धुऊन वाकतात.

एका ट्रेत दोन किलोच्या आसपास गर पसरतो, म्हणजे एका वेळी पंच्याण्णव-शंभर किलो. ७० डिग्रीला सहा ते सात तास. फोडलेल्या गरात ८ टक्क्यांच्या आसपास पाणी असलं तर ते ४ च्या खाली आणायचं, तेव्हा वरची तांबडी साल कुरकुरीत होऊन सुटते. आमच्या सोलणाऱ्या मावशा दोन गर बोटात चोळून बघतात आणि “झालंय, काढा आता” म्हणतात, माझ्या डिजिटल मीटरपेक्षा त्यांचाच अंदाज बरोबर निघतो.

आता पहिल्या वर्षीचा त्रास सांगतो. वरच्या दोन ओळीत उजवीकडचा गर पिवळट व्हायचा आणि खालचा कच्चाच राहायचा, साल चिकटलेली. विकणारा फोनवर म्हणाला टेंपरेचर ७५ करा. केलं, तर वरचा माल चक्क तांबूस झाला. पांढऱ्या अख्ख्या गराचा भाव वेगळा आणि भाजलेल्या रंगाचा वेगळा, हे काजूवाल्यांना सांगायला नको. मग मी चार थर्मामीटर घेतले, चार कोपऱ्यातल्या ट्रेत ठेवून बघितलं, तर वर-खाली ९-१० डिग्रीचा फरक! बाहेरच्या डिस्प्लेवर मात्र ७० च दाखवतोय, कारण सेन्सर एकाच ठिकाणी बसवलेला. चूक हीटरची नव्हतीच, बाजूच्या पत्र्याला हवा सोडायला ज्या फटी असतात त्या कुणी सेटच केल्या नव्हत्या, सगळी हवा वरनंच पळत होती. कंपनीचा माणूस यायला दीड महिना लागला, ऐन मे महिन्यात, बी येऊन पडलेली. रोज दर दोन तासाला दार उघडून ट्रे खाली-वर करत बसलो. शेवटी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून त्या फटींच्या पट्ट्या ॲडजस्ट करून घेतल्या, आता फरक ३ डिग्रीवर आलाय आणि ट्रे एकदाच बदलतो.

दुसरी गोष्ट डँपरची, म्हणजे वरच्या धुराड्याची झडप. ही कुणीच नीट समजावून सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. आमच्याकडं जुलैत कपडे चार दिवस वाळत नाहीत, मग ड्रायर कसा चालणार असं मलापण वाटायचं. पण २५ डिग्रीची ९० टक्के दमट हवा ७० डिग्रीला तापवली की तिची दमटाई ९ टक्क्यांवर येते, पाणी तेवढंच असतंय पण गरम हवेला आणखी लई पाणी उचलता येतंय. म्हणून भर पावसातपण गर वाळतो. मात्र ती पाणी प्यालेली हवा बाहेर जायला पायजे, नाहीतर आत फिरून फिरून तीच हवा भरते आणि गर वाफेत बसल्यासारखा होतो. पहिले दोन तास डँपर अर्धा उघडा, नंतर हळूहळू कमी, शेवटी अगदी बोटभर, आमचं हे बसलंय. सुरुवातीपासनं बंद ठेवला तर वेळ वाढतो, पूर्ण उघडा ठेवला तर तापवलेली हवा फुकट बाहेर.

करंटचं बोलायचं तर एका बॅचला ५५-६० युनिट जातात. खरं तर १०० किलो गरातनं पाणी निघतंय ४ किलोच, तेवढ्याला तीनेक युनिट पुरली असती, बाकी सगळं पत्रा, ट्रे, गर तापवण्यात आणि धुराड्यातनं जातंय. म्हणून रिकाम्या ट्रेवर मशीन चालवू नका, माल साठू द्या. दाराचं रबर पण बघत जा, आमचं एका वर्षात कडक होऊन फटीतनं वाफ यायला लागली होती.

चिकोडीकडच्या आमच्या मामांनी मशीन बघून विचारलं, “हळद वाळवूया काय रे ह्यात?” मी हिशोब मांडून दाखवला. शिजवलेल्या १०० किलो हळदीत ८० किलो पाणी धरलं तर ७८ किलो काढावं लागतंय, नुसतं पाणी उडवायलाच ५० युनिट, वरचा तोटा वेगळा, आणि हातात येणार २२ किलो वाळली हळद. मामा, तुमचं खळं आणि फेब्रुवारीचं ऊन सोडू नका म्हटलं. अवकाळीची भीती असेल तेवढाच माल शेवटी ड्रायरमधनं काढायला हरकत नाही.

बाहेर काढलेला गर रात्रभर उघडा ठेवू नका, पावसाळ्यात सकाळपर्यंत साल परत चिकटते. आणि गरम गरम पण मशीनवर सोलायला टाकू नका, तुकडा वाढतो. आमच्यात गार झाला की डब्यात झाकतात आणि त्याच दिवशी सोलतात. बोर्म्याच्या काळात पाकळी-तुकडा (अर्धा झालेला आणि फुटलेला गर) किती व्हायचा ते आठवलं की पैसे वसूल वाटतात, बिल जास्त येऊनसुद्धा.

घेणार असाल तर ॲडव्हान्स द्यायच्या आधी चालू मशीनमध्ये स्वतःचे थर्मामीटर ठेवून चारी कोपरे बघा, विकणारा नको म्हणाला तर दुसरीकडं जा. आणि सर्व्हिसला माणूस किती दिवसात येणार ते कोटेशनवर लिहून घ्या, मी नुसत्या तोंडी शब्दावर विश्वास ठेवला होता.