हात-पाय सुधारले, पण माणूस पूर्वीसारखा नाही: ठाणे-नवी मुंबईतल्या सेवा कितपत कामाच्या?

डोक्याला जबर मार लागलेला पेशंट आयसीयूतून वाचून घरी येतो, तेव्हा डिस्चार्ज कार्डावर शेवटी दोन ओळी असतात: फिजिओथेरपी चालू ठेवा, १५ दिवसांनी दाखवायला या. पुढचं सगळं घरच्यांनी शोधायचं. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरुळ या पट्ट्यात सेवा नाहीत असं नाही. पण त्या विखुरलेल्या आहेत आणि बहुतेक जागी आधी हात-पाय पाहिले जातात. विसरणं, चिडणं, अर्ध्या तासात थकून जाणं यांच्याकडे कुणी आपणहून वळत नाही. म्हणून हा आढावा त्याच कसोटीवर: न दिसणारं नुकसान कुठे ऐकून घेतलं जातं, आणि ते ऐकलं जावं म्हणून हातात काय घेऊन जायचं.

सगळ्यात आधी एक दोनशेपानी वही घ्या. "काही लक्षात राहत नाही हो" एवढ्या वाक्यावर कुठलाही डॉक्टर काही लिहून देऊ शकत नाही. नोंद अशी हवी: "मंगळवार, सकाळी ९. चहाचं आधण ठेवलं, दुधाची पिशवी आणायला बाहेर गेले, गॅस चालूच. परत आल्यावर आधण ठेवल्याचं आठवत नव्हतं. या आठवड्यात तिसऱ्यांदा." तारीख, वेळ, काय झालं, कुणाची मदत लागली, किती वेळा. मनोविकारामुळे आलेलं दिव्यांगत्व मोजायला आपल्याकडे 'आयडियाज' नावाची मोजपट्टी वापरतात. तिचे चार भाग आहेत: स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम. प्रत्येकाला ० ते ४ गुण. वहीतही हेच चार कप्पे पाडले तर डॉक्टरांना गुण द्यायला आधार मिळतो. तीन आठवड्यांच्या नोंदी पुरेशा होतात.

आता यूडीआयडी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्र. स्वावलंबन पोर्टलवरून अर्ज विनाशुल्क होतो. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि सही किंवा अंगठा लागतो. अर्ज भरणं सोपं, अडतं ते छोट्या गोष्टींवर. मोबाइल नंबर पेशंटचा दिला आणि ते सिम अपघातात गेलं असेल तर ओटीपी येत नाही. घरातल्या जबाबदार माणसाचा नंबर द्या. आधारवरचं नाव आणि डिस्चार्ज कार्डावरचं नाव जुळत नसेल तर आधी ते दुरुस्त करा. मेंदूच्या दुखापतीचं मूल्यमापन साधारण सहा महिन्यांनंतर होतं, त्याआधी घाई केली तर हेलपाटा पडतो.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ दिव्यांगत्वं मोजली आहेत, पण 'मेंदूची दुखापत' असा वेगळा प्रकार त्यात नाही. परिणामावरून प्रकार ठरतो: लुळेपणा असेल तर चलनवलन, बोलणं गेलं असेल तर वाचा-भाषा, वागणं बदललं असेल तर मनोविकार, एकापेक्षा जास्त असतील तर बहुदिव्यांगत्व. इथेच बहुतेकांचं नुकसान होतं. चालताना पाय ओढतो म्हणून फक्त चलनवलन भरलं जातं, ३० टक्के मिळतात आणि बहुतेक योजनांना लागणारे ४० टक्के हुकतात. अर्जातच दुसरा प्रकारही नोंदवा, त्या तज्ज्ञाकडून तपासून घ्या. मात्र टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही. मोठा आकडा अ, लहान आकडा ब धरला तर अ + ब × (९० − अ) ÷ ९० असं सूत्र आहे. चलनवलन ५० आणि वाचा ३० असेल तर ८० नव्हे, सुमारे ६३ टक्के. कार्ड ४० टक्क्यांखाली पांढरं, ४० ते ८०च्या आत पिवळं, ८० व त्यावर निळं.

ठाण्याचं जिल्हा रुग्णालय नव्या इमारतीच्या कामासाठी २०२३मध्ये मनोरुग्णालयाच्या आवारात हलवलं गेलं. तेव्हा जुन्या पत्त्यावर पेशंटला घेऊन जाऊ नका. दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरवणारं डॉक्टरांचं बोर्ड कुठे आणि कोणत्या वारी बसतं ते आदल्या दिवशी विचारून घ्या. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेलवाल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बोलताना आपण नवी मुंबई म्हणतो, पण जिल्हा रायगड आहे. अर्जात ठाणे जिल्हा निवडला तर गोंधळ होतो.

थेरपीचं बघू. फिजिओथेरपीत हा पट्टा समाधानकारक आहे. नेरुळचं डी. वाय. पाटील आणि कामोठ्याचं एमजीएम इथे फिजिओथेरपीची महाविद्यालयं आहेत, त्यामुळे ओपीडीत हात भरपूर असतात. घरी येणारे फिजिओ मात्र पारखून घ्यावे लागतात. पहिल्याच दिवशी विचारा: चार आठवड्यांत काय साधायचं? "पलंगावरून खुर्चीत, एका माणसाच्या आधाराने" असं ठोस उत्तर देणारा ठेवा. नुसतं तेल चोळून जाणारा नको. लुळ्या बाजूचा दंड धरून उठवणारा किंवा त्या हाताला डोक्यावरच्या कप्पीला लावणारा असेल तर तिथेच थांबवा. खांदा निखळतो आणि पुढे महिनोन् महिने दुखतो. कवटीचं हाड काढून ठेवलेलं असेल तर कोणत्या बाजूचं, हे मोठ्या अक्षरात पलंगाशी लिहून ठेवा.

ऑक्युपेशनल थेरपी हा खरा तुटवडा. शर्टाची बटणं, आंघोळीचा क्रम, सुट्टे पैसे मोजणं, बसमध्ये चढणं हे या थेरपिस्टचं काम, आणि मेंदूच्या पेशंटला तेच सर्वांत जास्त लागतं. सायन रुग्णालयात या विषयाचं शिक्षण आणि ओपीडी आहे. ठाण्याहून मध्य रेल्वेने थेट जाता येतं. हाजी अलीची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन ही केंद्र सरकारची संस्था, फिजिओ, ऑक्युपेशनल आणि कॅलिपर-स्प्लिंट एकाच आवारात. पण ठाण्याहून दादरला गाडी बदलून महालक्ष्मी, तिथून टॅक्सी. लवकर थकणाऱ्या पेशंटचा सगळा जीव प्रवासातच जातो. महिन्यातून एकदा तपासणी आणि घरचा कार्यक्रम लिहून आणायला जावं, रोजच्या थेरपीसाठी नाही. बोलणं अडखळत असेल तर वांद्रे रेक्लेमेशनची अली यावर जंग ही वाचा-श्रवणाची संस्था. हार्बरवाल्यांना वडाळ्याला गाडी बदलून वांद्र्याला जाता येतं. सकाळची वेळ मागा, दुपारनंतर शब्द सुचणं आणखी जड जातं. पेशंट शाळकरी मूल असेल तर वाशी सेक्टर ३०मधलं नवी मुंबई महापालिकेचं ईटीसी हे दिव्यांगांसाठीचं शिक्षण-प्रशिक्षण केंद्र आधी पाहा.

घरी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोच्या मावशी आणि वॉर्डबॉय यांच्याबाबत मत सावध आहे. १२ तासांची ड्युटी की २४, सुट्टीच्या दिवशी बदली कोण, आगाऊ पैसे कधी परत, हे लेखी घ्या. गळ्याला ट्रेकिओस्टॉमीची (श्वासासाठीची) नळी असेल तर साधी आया चालत नाही, सक्शन, म्हणजे नळीतला कफ ओढून काढणं, येणारी नर्सच हवी. पारखण्यासाठी दोन प्रश्न पुरतात. नाकातल्या नळीतून भरवताना डोकं किती वर? ३० ते ४५ अंश, आणि भरवून झाल्यावरही अर्धा तास तसंच, हे उत्तर आलं पाहिजे. कूस किती वेळाने बदलायची? दर दोन तासांनी. भाड्याने सक्शन मशीन घेताना बॅटरीवर चालणारं आहे का ते दुकानातच चालवून बघा; वीज गेल्यावर कळून उपयोग नाही.

रात्री-अपरात्री पेशंट अंगावर धावून येतो, शिव्या देतो, तेव्हा घरच्यांना बोलायला कुणी लागतं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक चोवीस तास, मोफत, मराठीतही. ही सेवा अवश्य वापरावी, काळजी घेणाऱ्यांनी स्वतःसाठीही. पण आधी औषधांची चिठ्ठी बघा. फिट येऊ नये म्हणून देतात त्या लेव्हेटिरासिटामने काहींची चिडचिड वाढते. गोळी स्वतः बंद करू नका, न्यूरोच्या डॉक्टरांना कळवा. बरा होत आलेला माणूस पुन्हा मंद झाला, पाय जमिनीला चिकटल्यासारखं चालू लागला, लघवीवरचा ताबा गेला, तर ते स्वभावावर ढकलू नका. मेंदूत पाणी साठल्याची ही लक्षणं असू शकतात आणि त्यावर शस्त्रक्रिया होते. उलट्या, वाढती गुंगी किंवा लागोपाठ फिट असेल तर हेल्पलाइन नाही, थेट इस्पितळ.

पैशांच्या बाजूने मोटार अपघात दावा सर्वांत मोठा, आणि तोच सर्वांत जास्त लांबणीवर पडतो. २०२२पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायची अट आहे. यूडीआयडी हातात येण्याची वाट बघत बसू नका. एफआयआर, इस्पितळाचा एमएलसी (पोलिसांना कळवलेल्या केसचा) क्रमांक, मेडिकल रेकॉर्डमधून केसपेपरची प्रत, सीटी स्कॅनची सीडी आणि ती दोनशेपानी वही एका फाइलमध्ये ठेवा. डिस्चार्ज कार्डावर दाखल होतानाचा जीसीएस (शुद्ध किती होती त्याचे गुण) लिहिला आहे ना ते पाहा. ३ ते ८ म्हणजे गंभीर दुखापत. धडक देऊन वाहन पळून गेलं असेल तर गंभीर दुखापतीला ५०,००० रुपयांची वेगळी सरकारी भरपाई आहे. भरपाईत टक्केवारी मागणाऱ्या एजंटाला सही देण्याआधी ठाणे न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा कायदेशीर मदतीची १५१०० ही हेल्पलाइन लावा. दिव्यांग व्यक्तीला १९८७च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही.