दहावी: राज्य मंडळ की मुक्त विद्यालय?

सिडकोतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलाला डिस्लेक्सिया (वाचन-लेखन शिकण्यातली अडचण), आठवी संपत आलीय. राज्य मंडळातूनच दहावी करायची, की राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा (एनआयओएस) फॉर्म भरायचा?

परीक्षेचा ताण पाहिला तर फरक मोठा आहे. राज्य मंडळात सगळे विषय एकाच हंगामात द्यावे लागतात. लेखनिक (मुलानं सांगितलेलं उत्तर लिहून देणारा) आणि तासाला 20 मिनिटं जादा वेळ मिळतो, पण अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे वेळेत जायला हवा. त्यामुळे डिस्लेक्सियाच्या प्रमाणपत्राचं काम नववीतच उरका. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर, म्हणजे ते विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर, अकरावी मिळते.

मुक्त विद्यालयात पाच विषय पुरतात, त्यात एक भाषा हवीच. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि उत्तीर्ण झालेला विषय जमा राहतो. यंदा दोन, पुढच्या वेळी एक, असं चालतं. उत्तीर्णतेला 33 टक्के लागतात. लेखनिकाची सोय इथंही आहे. माध्यम मराठी घेता येतं.

खर्चापेक्षा मला घरच्या मेहनतीची काळजी जास्त वाटते. मुक्त विद्यालयात रोजची शाळा नाही. शिकवणारं कुणी नसेल तर पुस्तकं तशीच पडून राहतात, आणि मित्रही तुटतात.

वर्गात रमणारा, वाचून दाखवलं की समजणारा मुलगा राज्य मंडळातच राहू द्या. एका वेळी दोन-तीन विषयच झेपत असतील आणि घरी किंवा विशेष शिक्षकाकडे रोज बसवणारं कुणी असेल, तर मुक्त विद्यालय घ्या.