नवं नाणं: स्लॅबमध्ये की कॅप्सूलमध्ये?

जुन्या, झिजलेल्या नाण्याचा प्रश्न वेगळा. ते अस्सल आहे का, हीच तिथली मोठी धास्ती असते आणि त्यापुढे ग्रेडिंगची, म्हणजे नाणं तपासून त्याच्या दर्जाला आकडा देण्याची फी फारशी टोचत नाही. इथे विषय आहे तो अलीकडच्या यूएनसी (अनसर्क्युलेटेड, म्हणजे न वापरलेल्या) नाण्यांचा. टांकसाळीच्या पाकिटातून निघालेलं, व्यवहारात कधी न फिरलेलं नाणं पीसीजीएस किंवा एनजीसी या ग्रेडिंग करणाऱ्या कंपन्यांकडे पाठवून स्लॅबबंद, म्हणजे ग्रेडचं लेबल लावलेल्या सीलबंद प्लास्टिकच्या डबीत बंद करून घ्यायचं, की चांगल्या अ‍ॅक्रिलिक कॅप्सूलमध्ये घालून आपल्याकडेच ठेवायचं? माझ्या संग्रहात दोन्ही प्रकार आहेत आणि हल्ली नवी भर पडते ती बहुतेक कॅप्सूलमध्येच.

स्लॅबची बाजू कमकुवत अजिबात नाही. नाणं न पाहता ते विकत घेणाऱ्याला त्रयस्थाचं मत मिळतं, घासाघीस कमी होते. आपल्यामागे हा पसारा ज्यांच्या गळ्यात पडणार आहे, त्यांनाही लेबल वाचून निदान हातात काय आहे ते कळतं. विकण्याच्या उद्देशानेच नाणी घेत असाल तर पुढचं सगळं थोडं सबुरीने वाचा.

पण नव्या नाण्याच्या बाबतीत खेळ फार अरुंद पट्टीवर चालतो. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये ग्रेडिंगची ही १ ते ७० आकड्यांची मोजपट्टी आणली ती अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी, आणि मुळात ती किमतीची पट्टी होती: अगदी झिजलेल्या नाण्याच्या किती पट किंमत द्यायची, एवढंच ती सांगायची. आज न वापरलेल्या नाण्यांना त्यातल्या ६० ते ७० या पायऱ्या मिळतात. व्यवहारासाठी पाडलेली नाणी थैल्यांमध्ये एकमेकांवर आपटतात, त्यामुळे ती या पट्टीवर बरीच पसरलेली दिसतात. संग्राहकांसाठी किंवा गुंतवणुकीसाठी काळजीपूर्वक पाडलेली नाणी मात्र ६९ आणि ७० वरच गर्दी करतात. पाचपट भिंगाखाली, पाडल्यानंतर झालेला एकही दोष न दिसणारं ते ७०. माझ्याकडे एकाच वर्षाची अशी एक जोडी आहे. आलटून पालटून पाहूनही मला त्यांतला फरक लेबल झाकल्यावर सांगता येत नाही. माझी नजर कमी पडत असेल, नाकारत नाही. पण पैशांचा सगळा हिशोब त्याच एका पायरीवर उभा आहे. ६९ आलं तर अनेकदा फीसुद्धा सुटत नाही. ७० आलं तरी पॉप्युलेशन रिपोर्टमधला, म्हणजे कोणत्या ग्रेडची किती नाणी आजवर निघाली त्या यादीतला आकडा वाढतच राहतो, कारण तशीच कोरी नाणी लोकांकडे ढिगाने पडून आहेत आणि उद्याही कोणी ती पाठवू शकतो.

तरीही फीच्या हिशोबापायी मी बाजू बदलली नसती. हौसेला मोल नसतं. मला हैराण केलं ते दुधाळ डागांनी.

चांदीची नवी नाणी जमवणाऱ्याला हा रोग ठाऊक असतो. पांढुरके, धुरकट ठिपके, कधी एखादा ओघळ, आणि नेमके मोकळ्या, आरशासारख्या भागावर. कोऱ्या चकत्या धुताना रसायनाचा अंश राहतो आणि चकती तापवताना तो पृष्ठभागात भाजला जातो, असं कारण सहसा सांगतात. डाग मात्र कधीकधी पाडल्यावर बऱ्याच काळाने उमटतो. तो अ‍ॅसिटोनने जात नाही आणि घासून काढावा तर नाणंच बिघडतं. कॅनडाच्या टांकसाळीने २०१८ पासून ‘मेपल लीफ’ या आपल्या चांदीच्या नाण्यावर ‘मिंटशील्ड’ नावाची प्रक्रिया सुरू केली ती याच तक्रारीपायी.

माझं ७० चं एक नाणं स्लॅबमध्येच डागाळलं. येताना स्वच्छ होतं, मग कडेला एक ठिपका आला, मग चेहऱ्यावर. लेबलवर अजूनही ७० आहे. तो आकडा खोटा म्हणता येत नाही, तो त्या दिवसापुरता खरा होता. पण विकायला काढलं तर घेणारा आधी ठिपक्याकडेच पाहणार, आणि अशा नंतर आलेल्या डागांना ग्रेडिंगच्या हमीत सहसा जागा नसते. पाठवण्याआधी त्या अटी जरूर वाचा. कॅप्सूलमधलं नाणंही डागाळतं, त्यातून सुटका नाही. फक्त तिथे मी निर्दोषपणाचे वेगळे पैसे मोजलेले नसतात, म्हणून हळहळ नाण्यापुरतीच राहते.

कॅप्सूलची कटकट वेगळी. उघडता येते म्हणजे उघडली जाते, आणि बोटाचा ठसा एकदा बसला की बसला. माप चुकलं तर नाणं आत खुळखुळतं. आणि मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटांपासून लांबच राहा. त्यांचा हिरवट चिकट थर नाण्यावर चढला की ग्रेडिंगवालेही आकडा देत नाहीत.

एका बाबतीत मात्र मी स्वतः स्लॅबकडेच जाईन: चुकीची किंवा वेगळी पाडलेली नाणी. ब्रिटनचं २००८ मधलं वर्षच नसलेलं वीस पेन्सचं नाणं किंवा अमेरिकेत २००० साली सिरियलच्या खोक्यांतून वाटलेला, गरुडाच्या शेपटीची पिसं जास्त बारकाईने कोरलेला सकागाविया डॉलर घ्या. तिथे प्रश्न ६९ की ७० चा नसून, हे खरंच ते आहे की कोणी नंतर केलेली कारागिरी आहे, हा असतो. त्या उत्तरासाठी फी द्यायला माझी ना नाही.

साधं चांदीचं नाणं पाठवायचंच असेल, तर आधी वर्षभर तरी कॅप्सूलमध्ये राहू द्या आणि मग एकाच दिव्याखाली तिरकं धरून बघा. याने ‘फर्स्ट स्ट्राइक’ किंवा ‘अर्ली रिलीजेस’ असं लवकर पाठवलेल्या नाण्यांना मिळणारं लेबल हुकतं, कारण त्यांना पहिल्या तीस दिवसांची अट असते. पण ते तीस दिवस नाणं बाजारात आल्यापासूनचे. ठशाच्या पहिल्या घावांशी त्यांचा संबंध असेलच असं नाही. मला तरी त्या लेबलाची उणीव भासलेली नाही.