किलोला अकरा रुपये

आमचं काम शेड उभारायचं. फॅब्रिकेशन नाही, नुसतं इरेक्शन. कॉलम-राफ्टर, म्हणजे लोखंडी खांब आणि छताच्या तुळया, उभे करायचे, बोल्ट आवळायचे, पर्लिन (पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या) आणि पत्रा चढवायचा. भोसरीत एका खोलीचं ऑफिस आणि चौदा पोरं. दिवाळीनंतर हातात काम नव्हतं, नेमका तेव्हा फोन आला. फोनवरचा माणूस एका मोठ्या कंपनीचं नाव सांगून म्हणाला, सुपा एमआयडीसीत २२० टनांची शेड आहे, कोटेशन पाठवा.

आमचा रेट उभारलेल्या लोखंडाच्या किलोवर असतो, मला तेव्हा किलोला सात-साडेसात रुपये मिळत होते. घासाघीस होणारच, म्हणून किलोला अकरा टाकले. तासाभरात होकार! पंधरा वर्षांत एकाही परचेसवाल्यानं माझा रेट न तोडता ऑर्डर दिलेली नाही. हे मला कळत नव्हतं असं नाही, पण २४ लाख २० हजारांचा आकडा डोळ्यांसमोरून हलेना.

साइट खरी होती. फाउंडेशन झालेलं, अँकर बोल्ट वर आलेले. फक्त ते आम्ही कंपाउंडबाहेरून पाहिलं. आज ऑडिट आहे म्हणे, आत सोडत नाहीत. ड्रॉइंगही कुणाचं तरी खरंच असावं, कारण कोपऱ्यातला नावाचा चौकोन कापलेला होता. मेलच्या पत्त्यात कंपनीच्या नावात एक अक्षर जास्त होतं, तेही नंतर दिसलं.

वेंडर रजिस्ट्रेशनचे जीएसटीसकट ११,८०० भरले. मग दोन टक्के डिपॉझिट, ४८,४००. खातं कंपनीचं नव्हे, कुणा एका माणसाचं. विचारलं तर "अकाउंट्सचे साहेब आहेत." तिसऱ्यांदा इन्शुरन्सचे ३५,००० मागितले, तेव्हा कुठे मी कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर फिरवला. त्या नावाचा माणूस तिथे नव्हताच.

खरी कंपनी आधी पीएफ, ईएसआयसीचे कोड मागते. क्रेनचं टेस्ट सर्टिफिकेट कुठंय, उंचीवर चढणाऱ्यांची मेडिकल झाली का, असं विचारून जीव खाते. या बाबानं यातलं एक अक्षर विचारलं नाही. आणि डिपॉझिट म्हणाल तर आमच्या धंद्यात ते बहुतेक रनिंग बिलातून, म्हणजे काम चालू असताना निघणाऱ्या बिलातून, कापतात. सरकारी टेंडरला अनामत असते, पण ती कुणाच्या सेव्हिंग खात्यात जात नाही.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला तो तिसऱ्या दिवशी, कारण दोन दिवस बायकोला सांगायची लाज वाटत होती. तोवर खात्यातून पैसे पुढे गेले होते. पैसे गेल्यावर पहिल्या तासात फोन करा, लाज नंतर बाळगा. झारखंडहून तात्काळच्या तिकिटांनी बोलावलेल्या सहा फिटरांचं भाडं वेगळंच. ते मी दिलं, त्यांचा काय दोष?

मागच्या आठवड्यात पुन्हा एक फोन आला. आवाज वेगळा, शेड रांजणगावची. रेट विचारला. मी म्हटलं, किलोला वीस.

"चालेल की," तो म्हणाला.