बोअरवेलचा लोह-फिल्टर : यंत्र चांगले, निदान चुकीचे

चेंबूरमधील आमच्या सोसायटीत फ्लशला बोअरवेलचे पाणी येते. कमोडवरच्या तांबड्या डागांना कंटाळून आम्ही गेल्या वर्षी गच्चीवरील टाकीच्या आधी लोह काढणारा फिल्टर बसवून घेतला. विक्रेत्याचे नाव देत नाही, कारण माझी तक्रार यंत्रापेक्षा त्याच्या निदानाबद्दल आहे.

पाहणीला आलेल्या गृहस्थांनी ‘पाइप गंजलेत’ असे सांगून टाकले. आमचे पाइप पीव्हीसीचे आहेत! शिवाय टाकीच्या कडेवरून बोट फिरवले की हाताला गंजाचा चुरा लागत नाही, नारिंगी बुळबुळीत साका लागतो. चौथ्या मजल्यावरील, सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या मुलीने त्याचा थेंब कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा पीळ घातलेल्या सुतळीसारखे धागे आणि पोकळ नळ्या दिसल्या. असे धागे गॅलिओनेला या जिवाणूचे असतात आणि नळ्या लेप्टोथ्रिक्सच्या. जमिनीखाली प्राणवायू नसेल तेथे लोह पाण्यात विरघळलेले राहते. त्या पाण्याला जेथे थोडासाच प्राणवायू मिळू लागतो, तेथे हे जिवाणू लोहाचे ऑक्सिडीकरण करतात आणि तयार होणाऱ्या खनिजात स्वतः गाडले जाऊ नये म्हणून ते धाग्यावर किंवा नळीवर साचू देतात. पेशी नळी सोडून पुढे सरकते, त्यामुळे बहुतेक नळ्या रिकाम्याच सापडतात. लोहाच्या ऑक्सिडीकरणावर जिवाणू जगू शकतात, हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राडस्की यांनी १८८८ मध्येच मांडले होते.

विरघळलेले लोह हे यंत्र उत्तम पकडते. पण साका अडवण्यासाठी ते नव्हतेच. दोन महिन्यांत आतला थर चिकटून बसला आणि पाण्याचा दाब निम्म्यावर आला. आम्ही हट्ट धरून बोअरवेलमध्ये क्लोरीन टाकून घेतले आणि आठवड्याचा बॅकवॉश (उलट दिशेने पाणी सोडून फिल्टर धुणे) एक दिवसाआड करायला लावला, तेव्हा कुठे यंत्र सुरळीत चालू लागले. गंमत म्हणजे आतल्या वाळूवर मँगनीज डायऑक्साइडचा लेप आहे, आणि मँगनीजची ऑक्साइडे नद्या-तळ्यांत जिवाणूही घडवतात.

यंत्राला चार तारे, सेवेला दोन. घेण्यापूर्वी एवढे करा : साचलेल्या पाण्यावर तेलासारखा तवंग दिसला तर काडीने डिवचा. तुकडे होऊन ते तसेच राहिले, तर तो लोहाचा पापुद्रा आहे. पुन्हा मिळून आला, तर तेल.