सहाव्या गिअरात कळणारा कॅम : सात महिने, ५,८०० मैल

आधी गाडी सांगतो. २००१ ची कॉर्व्हेट, सी५ पिढीतली, सहा गिअरची. इंजिन एलएस१ : ५.७ लिटर, आठ सिलिंडर, ब्लॉक आणि हेड दोन्ही अॅल्युमिनियमचे, कागदावर ३५० अश्वशक्ती. मी राहतो मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या जवळ. हिवाळ्यात इथे रस्त्यांवर मीठ पसरतात, म्हणून गाडी नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत गॅरेजात झोपलेली असते. झोपलेली गाडी दिसली की माझे हात शिवशिवतात, आणि बहुतेक खर्च तिथूनच सुरू होतात.

आत्ता गाडीत जी हेड (सिलिंडरवरचं झाकण, त्यातच व्हॉल्व्ह आणि हवेच्या वाटा) आणि कॅम (व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा) यांची जोडी आहे ती यंदाच्या एप्रिलमध्ये बसली. ऑक्टोबरअखेर ५,८०० मैल झाले. पण तिची किंमत कळायला आधीचा एक मोसम चुकीच्या कॅमबरोबर काढावा लागला, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मोठी मिरवणूक असते, वुडवर्ड ड्रीम क्रूझ. तिथे सिग्नलला उभ्या असलेल्या एका गाडीचं लंगडत चाललेलं आयडल (उभ्या गाडीत इंजिनाचं मंद फिरणं) ऐकलं आणि डोकं फिरलं. त्या हिवाळ्यात हेडला हात न लावता नुसता मोठा कॅम टाकला : इनटेक २३६ अंश, एक्झॉस्ट २४०, लोब सेपरेशन १११.

हे आकडे काय सांगतात? कॅमवर चालणारा लिफ्टर ५० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) उचलला गेल्यापासून परत तितकाच खाली येईपर्यंत क्रँक किती अंश फिरतो, ते पहिले दोन आकडे : एक इनटेक व्हॉल्व्हचा, एक एक्झॉस्टचा. लोब सेपरेशन म्हणजे कॅमवरच्या त्या दोन उंचवट्यांच्या (लोबच्या) माथ्यांमधला कोन. दोन्ही आकड्यांची सरासरी काढायची आणि तिच्यातून लोब सेपरेशनची दुप्पट वजा करायची, की ओव्हरलॅप मिळतो. म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ. तो जितका जास्त, तितकं आयडल लंगडं; उणे आला तर ५० थाऊच्या मापाने दोन्ही एकत्र उघडे नसतातच. माझ्या मोठ्या कॅमचा ओव्हरलॅप आला २३८ उणे २२२, म्हणजे अधिक १६. कंपनीने त्याच काळात झेड०६ ला (कॉर्व्हेटच्याच जोरदार मॉडेलला) दिलेला एलएस६ चा कॅम बघा : २००२ पासून २०४/२१८, लोब सेपरेशन ११७.५, म्हणजे ओव्हरलॅप उणे २४. आणि त्या इंजिनाने ४०५ अश्वशक्ती दिली. हा हिशेब मी कॅम विकत घेण्याआधी पाच मिनिटांत करू शकलो असतो. केला नाही, कारण कानात वुडवर्डचा आवाज होता.

आवाज मिळाला, त्यात वाद नाही. पहिल्या दिवशी बायको खिडकीतून म्हणाली, "अरे, ही दम्याच्या म्हाताऱ्यासारखी का खोकतेय?" सी५ मध्ये गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी असतो आणि इंजिनापासून तिथपर्यंत टॉर्क ट्यूबमधून शाफ्ट जातो. आयडल लंगडं झालं की त्या सगळ्या साखळीची खडखड पाठीमागून ऐकू येते, जणू डिकीत कोणी नटबोल्टचा डबा हलवतंय. एसी लावून सिग्नलला थांबलं की इंजिन मान टाकायचं. गॅरेजात पेट्रोलचा वास. डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) चाकांपाशी ३०३ अश्वशक्तीचे ३६८ झाले, पण ते ६,५०० फेऱ्यांच्या आसपास. साडेतीन हजारांच्या खाली मूळ गाडीच जास्त ओढत होती.

खरा निकाल मात्र हायवेवर लागला. या गाडीचा सहावा गिअर ०.५० चा आहे आणि मागचा डिफरन्शियल ३.४२. ताशी ७० मैलांना सहाव्यात इंजिन जेमतेम १,६०० फेरे फिरतं. मूळ गाडी त्यावर शांतपणे चालते, म्हणून एवढं मोठं इंजिन हायवेला गॅलनमागे २७ मैल देत होतं. मोठ्या कॅमला १,६०० सोसेना. हिसके, धक्के, शेवटी पाचवा. पाचव्यात २,३०० फेरे आणि मायलेज २१. गाडीतला एक अख्खा गिअर मी चारशे डॉलर देऊन बंद पाडून घेतला होता.

पुढच्या हिवाळ्यात उलटीकडून विचार केला. इंजिन आयुष्यातला बहुतेक वेळ कुठे घालवतं? १,५०० ते ४,५०० मध्ये. तिथे सुखी ठेवणारा कॅम घ्यायचा, आणि वरची ताकद हेडकडून मागायची. हेड आधी, कॅम शेवटी. हेच सगळ्यात महत्त्वाचं, बाकी तपशील.

हेडमध्ये तीन वाटा होत्या. पहिली, एलएस३ ची चौकोनी पोर्टची (हवेच्या वाटांची) हेड. भरपूर हवा घेतात, भंगारातही मिळतात. पण माझ्या सिलिंडरचा व्यास ३.८९८ इंच आणि त्या हेडचा इनटेक व्हॉल्व्ह २.१६५ इंचांचा. तो सिलिंडरच्या भिंतीला भिडतो. त्या हेडना निदान चार इंचांचा बोअर (सिलिंडरचा व्यास) लागतो. वाट बंद. दुसरी, नव्या ओतकामाची तयार हेड. चांगली असतात, पण माझ्या बजेटच्या दुप्पट. तिसरी, एलएस६ च्या घराण्यातली २४३ किंवा ७९९ क्रमांकाची जुनी हेड घेऊन पोर्टिंग (पोर्ट घासून नीट करणं) करून घ्यायचं. मी तिसरी घेतली. ७९९ ही ट्रकांवर आलेली, २४३ सारखीच. भंगारवाल्याकडे जोडी ३०० डॉलरला मिळाली.

या पोर्टना कॅथीड्रल म्हणतात, कारण तोंड उंच, अरुंद आणि वर निमुळतं, चर्चच्या खिडकीसारखं. एलएस१ च्या २४१ हेडमध्ये इनटेक पोर्टचं आकारमान सुमारे २०० सीसी, २४३ मध्ये २१०. मोठं केलं की जास्त हवा, असं सरळ गणित नसतं. पोर्ट फार मोठा झाला की खालच्या फेऱ्यांत हवेचा वेग मरतो आणि पुन्हा तोच मोठ्या कॅमचा आजार. म्हणून पोर्टिंगवाल्याला एकच सांगितलं : पोर्ट भोकासारखा मोठा करू नकोस, व्हॉल्व्ह सीटच्या वरचा वळणाचा भाग नीट कर आणि मधल्या लिफ्टचा (व्हॉल्व्ह अर्धवट उघडा असतानाचा) प्रवाह वाढव. व्हॉल्व्ह उघडताना आणि मिटताना मधल्या लिफ्टवरून दोनदा जातो, सगळ्यात वर एकदाच. फ्लो बेंचच्या (हवेचा प्रवाह मोजायच्या यंत्राच्या) कागदावर सगळे शेवटचा आकडा बघतात, मी ०.३०० आणि ०.४०० इंचांचे आकडे मागितले. काम छान झालं. पण सहा आठवड्यांचं वचन अकरा आठवड्यांवर गेलं आणि एक व्हॉल्व्ह गाइड इतका घट्ट निघाला की हेड परत पाठवावं लागलं. दुकानाचं नाव घेत नाही. काम नीट करून दिलं, पण फोन कधी उचलला नाही.

त्याच वेळी हेडला २० थाऊ फेसिंग करून घेतलं, म्हणजे तळ तेवढा तासून घेतला. या हेडला साधारण सहा थाऊला एक सीसी असा हिशेब बसतो, म्हणजे ६५ सीसीची चेंबर (हेडमधली जळण्याची पोकळी) ६२ वर आली. गॅस्केट मूळच्या ५३ थाऊऐवजी ४० थाऊची. कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, साधारण १०.३ वरून ११.३ वर गेलं. इथे ९३ ऑक्टेन पेट्रोल सहज मिळतं म्हणून हे चालतं. जिथे ९१ च मिळतं तिथे मी थोडं खालीच राहिलो असतो.

माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअरिंगचं काम करायचे. व्हिडिओ कॉलवर हेड उतरवलेलं दाखवलं तर कॉर्व्हेटचं कौतुक राहिलं बाजूला, पहिला प्रश्न : "बोल्टाच्या भोकात पाणी न्हाई न्हवं राहिलं? आधी ते बघ, मग आवळ." त्यांनी हे इंजिन जन्मात पाहिलेलं नाही, पण बोट नेमक्या जागी ठेवलं. एलएस च्या ब्लॉकमधली ही भोकं खाली बंद असतात. कूलंट राहिलं आणि बोल्ट आवळला तर पाणी दबायला तयार नसतं, ब्लॉक तडकतो. सगळी भोकं हवेने फुंकली, कापडाच्या बोळ्याने पुसली, मग नवे बोल्ट. मूळ बोल्ट एकदाच वापरायचे असतात, आवळताना ते ताणले जातात.

आता कॅम. घेतला २२२/२२६, लोब सेपरेशन ११३, लिफ्ट सुमारे ०.५८ इंच. ओव्हरलॅप २२४ उणे २२६, म्हणजे उणे २. मोठ्या कॅमच्या अधिक १६ शी तुलना करा, निम्मा आजार इथेच बरा झाला. एलएस१ चे पिस्टन सपाट, व्हॉल्व्हसाठी खळगे नाहीत. त्यात मी फेसिंग आणि पातळ गॅस्केट मिळून ३३ थाऊ जागा खाल्लेली. म्हणून व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातली जागा मोजायला पिस्टनवर प्लॅस्टिसिन लावून हाताने इंजिन फिरवलं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो तेव्हा तो पिस्टनच्या सगळ्यात जवळ असतो असं वाटतं, पण तोवर पिस्टन बराच खाली गेलेला असतो. खरी जवळीक पिस्टन वर टोकाला असतो त्याच्या दहाएक अंश अलीकडे-पलीकडे, ओव्हरलॅपच्या वेळी होते. इनटेकला ८४ थाऊ मिळाले, एक्झॉस्टला १०२. लोक ८० आणि १०० ची सीमा मानतात. काठावर, पण बरोबर.

माझी स्वतःची एक चूक इथेच झाली. पुशरॉड (कॅमची हालचाल व्हॉल्व्हकडे पोचवणाऱ्या काड्या) सवयीने मूळ मापाचे, ७.४०० इंचांचे मागवले. हेड खाली आलं, नव्या कॅमचा बेस सर्कल (लोबच्या खालचा गोल भाग) वेगळा, आणि मी मोजलं पार्सल फोडल्यावर. लागले ७.३७५. परत पाठवणं, दहा दिवस वाट बघणं. मोजायची काठी वीस डॉलरची असते, आधी घ्या. ऑइल पंप काढलात तर पिकअप ट्यूबची (पंपाला तेल ओढून देणाऱ्या नळीची) ओ-रिंग बसवताना श्वास रोखा. ती चिमटली तर पंप हवा खातो आणि नवीन इंजिन पहिल्याच दिवशी तेलाविना फिरतं. बाकी सी५ मध्ये कॅम काढायचा म्हणजे रेडिएटर आणि स्टीअरिंग रॅक बाहेर, हे गृहीत धरून शनिवार-रविवारांची गिनती करा. मी दोन म्हटले होते, पाच लागले.

आता वापराचा अनुभव. डायनोवर चाकांपाशी ४०९, सुमारे ६,३०० ला. मोठ्या कॅमपेक्षा ४१ जास्त. दोन्ही वेळी हेडर (इंजिनालगतचे धुराचे पाइप) आणि एक्झॉस्ट तेच होते. पण मला सुख दिलं ते २,५०० पासूनच्या ओढीने. आयडल ८५० वर, हलकीशी थाप आहे, जाणकाराला कळते, शेजाऱ्याला नाही. एसी लावून जुलैच्या गर्दीत तासभर उभा राहिलो, तापमान आणि आयडल दोन्ही जागेवर. आणि सहावा गिअर परत आला. शिकागोला जाऊन आलो, ७० ला १,६०० फेरे, एकही हिसका नाही, गॅलनमागे २५ मैल.

तक्रारीही आहेत. थंड इंजिन पहिली पाच मिनिटं शिलाई मशीनसारखं टिकटिकतं, लोब मूळच्यापेक्षा चढणीचे आहेत म्हणून. एप्रिलच्या पहाटे थंडीत पहिल्या स्टार्टला दोनदा बंद पडली, ते ट्यूनिंगच्या (इंजिनाच्या संगणकाच्या जुळणीच्या) दुसऱ्या फेरीत सुटलं. हा खर्च आधीच धरा, ट्यूनिंग एका फेरीत कधी होत नाही. व्हॉल्व्हची दुहेरी स्प्रिंग ही झिजणारी वस्तू आहे, दर हिवाळ्यात ताण तपासणार आहे. रॉकरच्या (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफेच्या) आतले सुईसारखे बेअरिंग अजून मूळचे आहेत, तेही या हिवाळ्यात बदलायचे. आणि कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी राहत असाल तर तिथल्या हवा मंडळाच्या सूट क्रमांकाशिवाय कॅमचा विचारही करू नका. मिशिगनमध्ये गाडीची धूर तपासणी होत नाही, हे माझं नशीब.

एकूण खर्च हेड, पोर्टिंग, कॅम, स्प्रिंग, गॅस्केट, बोल्ट आणि ट्यूनिंग धरून ३,४०० डॉलर. मजुरी शून्य, कारण ती बायकोने सोसली.

मोठा कॅम सप्टेंबरमध्ये विकायला काढला. घ्यायला आलेला मुलगा विशीतला, त्याच्याकडेही सहा गिअरची सी५. मी त्याला सहाव्या गिअरचं, ओव्हरलॅपचं, हेड आधी बघण्याचं सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, आयडलचा आवाज रेकॉर्ड केलाय का? होता. फोनवर लावला. तो दोनदा ऐकला आणि त्याने पैसे मोजून टेबलावर ठेवले.