पाटी खरी, गाडी खोटी

आमचे आण्णा कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षं गॅरेज चालवत होते. जुनी गाडी घ्यायला कोणी त्यांना सोबत नेलं, तर ते आधी बॉनेट उघडायचे नाहीत. रॉकेलच्या चिंधीने चेसिसवरचा नंबर पुसायचे आणि बोटाने चाचपायचे. आकड्यांच्या कडा जरा जास्त धारदार लागल्या, की "पंच केलंय, चला" (म्हणजे नंबर नंतर ठोकलाय) म्हणून परत फिरायचे. त्यांचा मुलगा, म्हणजे मी, इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत इंजिनिअर आहे, आणि मी ३४ हजार पौंड मोजून खोटी गाडी घरी आणली. यंदा इथल्या गणपतीत तिघांनी मला विचारलं, "रेसिंगची जुनी मिनी घ्यायचीय, काय बघू?" तिघांना वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहितो.

गाडी होती १९६५ची मॉरिस मिनी कूपर एस, १२७५ सीसी, म्हणजे मिनी या छोट्या ब्रिटिश गाडीचा वेगवान प्रकार. मिनीने १९६४, १९६५ आणि १९६७ साली मॉन्टे कार्लो रॅली जिंकली (१९६६मध्ये दिव्यांच्या नियमावरून तिला बाद केलं, त्याबद्दल इथले म्हातारे अजून चिडतात). तेव्हापासून कूपर एस म्हटलं की लोक खिसा उलटा करतात. आणि मेख अशी, की साधी ८५० सीसीची मिनी आणि कूपर एस या बाहेरून जुळ्या बहिणी. किमतीत मात्र कित्येक पटींचा फरक.

विकणारा साठी उलटलेला गृहस्थ, दक्षिण इंग्लंडमधल्या एका खेड्यातला. चहा, बिस्किटं, पायाशी लोळणारा कुत्रा. टेबलावर चार बोटं जाडीची फाइल. त्यात गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमचं हेरिटेज सर्टिफिकेट, गाडीचं व्ही५सी (इथलं नोंदणीचं कागद), एफआयए या मोटर शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट, ब्रँड्स हॅच या ट्रॅकवरच्या १९६६मधल्या शर्यतींच्या कार्यक्रमपत्रिका, आणि एक काळापांढरा फोटो. फोटोत हीच नंबरप्लेट, छपरावर दोन दिवे, वळणावर आतलं चाक हवेत. तो फोटो बघून माझी अक्कलही हवेत गेली.

तरी मी अगदीच डोळे मिटून घेतली नाही. बॉनेट उघडून हेडचे स्टड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण आवळणारे खिळे, मोजले. साध्या इंजिनाला नऊ असतात, एसच्या हेडला अकरा जागी आवळलेलं असतं. अकरा भरले. पुढे एसचे मोठे डिस्क ब्रेक. चेसिसच्या पाटीवर के-ए२एस४, म्हणजे मॉरिस कूपर एस. पाटी, सर्टिफिकेट, व्ही५सी, सगळीकडे एकच नंबर. आता आणखी काय बघायचं, असं मला वाटलं.

फाइलमध्ये १९६८ ते १९८९ मात्र एकही कागद नव्हता. मी विचारलं. "एका शेतकऱ्याच्या कोठारात पडून होती," असं तो म्हणाला, आणि मला ते ऐकून उलट भरून आलं. मग त्याने बेंटलीची गोष्ट काढली. 'ओल्ड नंबर वन' ही बेंटली १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षं फ्रान्समधली ल मान्सची शर्यत जिंकली. पुढे तिचे भाग बदलत गेले. १९३२ साली ब्रुकलँड्स या इंग्लंडमधल्या ट्रॅकच्या उतरत्या वळणावरून ती बाहेर उडाली, चालक क्लाइव्ह डनफी गेला, गाडी पुन्हा नव्याने बांधली. १९९० साली तिचा एक कोटी पौंडांचा सौदा कोर्टात गेला. घेणाऱ्याचं म्हणणं, १९२९चं यात उरलंय काय? न्यायाधीश ऑटन यांनी सांगितलं, की हिला मूळ भागांची गाडी म्हणता येणार नाही, पण ही अस्सल ओल्ड नंबर वनच आहे. "तेव्हा पत्रा बदलला म्हणून काय झालं?" असं म्हणून त्याने माझ्या कपात आणखी चहा ओतला.

गोष्ट खरी आहे. मी घरी येऊन वाचलीही. पण ज्या आधारावर तो निकाल उभा आहे ते मी वाचूनही न वाचल्यासारखं केलं. ती बेंटली कधी कोणाच्या नजरेआड झालीच नव्हती. एक भाग गेला, दुसरा आला, पण मधल्या प्रत्येक टप्प्यावर ती तीच गाडी म्हणून माहीत होती. माझ्या मिनीच्या मधोमध एकवीस वर्षांचा खड्डा होता.

दोन वर्षांनी तळाला गंज धरला म्हणून ती एका जुन्या मिनीवाल्या कारागिराकडे दिली. त्याने खालचं डांबर खरवडलं आणि मला फोन करून बोलावलं. दिवा धरून दाखवलं. साध्या ८५०चा गिअरचा दांडा लांबलचक असतो आणि पुढे, पायांजवळून वर येतो. कूपरचा आखूड, मागे, मधल्या उंचवट्यावर, ज्याला बोगदा म्हणतात. माझ्या गाडीत पुढचं भोक पत्र्याचा तुकडा लावून, वेल्डिंग करून, घासून बुजवलेलं होतं. मागचं भोक नंतर कापलेलं. म्हणजे इंजिन एसचं, ब्रेक एसचे, पाटी एसची, आणि अंग कुठल्यातरी साध्या ८५०चं.

रात्री आण्णांना व्हिडिओ कॉल केला. फोटो बघून त्यांनी एवढंच विचारलं, "नंबर पत्र्यावर ठोकलेला हाय का पाटीवर?" पाटीवर, म्हटलं. या मिनींच्या अंगावर नंबर ठोकलेलाच नसतो, रिव्हेट मारलेली पाटी असते. "मग रिव्हेट काढायला किती वेळ लागतो रे बाळा?" मी गप्प.

त्या फाइलकडे मग मी पुन्हा वळलो. हेरिटेज सर्टिफिकेट म्हणजे कारखान्याच्या वहीतली नोंद: या नंबरची गाडी बनली, अमुक रंगाची होती, अमुक दिवशी बाहेर पडली. तुमच्या दारातली गाडी तीच आहे, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. व्ही५सीवर तर छापलेलंच असतं, की हा मालकीचा पुरावा नाही. एफआयएचा पासपोर्ट सांगतो की गाडी त्या काळच्या तांत्रिक नियमांत बसते. वंशावळीशी त्याचा संबंध नाही, तिच्यासाठी एफआयएचंच वेगळं हेरिटेज सर्टिफिकेट असतं आणि ते फाइलमध्ये नव्हतं. कार्यक्रमपत्रिकेत चालकाचं नाव असतं, चेसिस नंबर नसतो. एकही कागद बनावट नव्हता! प्रत्येक कागद खरं बोलत होता, पण त्या नंबराबद्दल. समोरच्या पत्र्याबद्दल बोलणारा एकही नव्हता आणि तो पत्रा उचकटून बघायला मी कोणाला तीनशे-चारशे पौंड दिले नाहीत.

वकिलाने सांगितलं, जाहिरातीत 'कूपर एस' लिहिलंय, दावा होऊ शकतो. पण इथल्या छोट्या दाव्यांच्या कोर्टाची मर्यादा १० हजार पौंडांची. त्यावर गेलं की तज्ज्ञ आले, त्यांचे अहवाल आले, हरलो तर समोरच्याचा खर्चही आला. विकणारा म्हणाला, मीही अशीच घेतली होती. खरंही असेल. त्यालाही कुणीतरी असाच चहा पाजला असेल. शेवटी ७ हजारांवर मिटवलं. ज्या गाडीची ओळख शंकास्पद, तिला या देशात क्यू अक्षराने सुरू होणारा नंबर देतात. तो माझ्या दारात यायचं भय आहे ते वेगळंच.

गेल्या महिन्यात हॉलंडहून एकाचा मेल आला. त्याच्याकडे कूपर एसचं एक अंग आहे, १९७०च्या आसपास इंग्लंडहून आणलेलं, पाटी नसलेलं. छपरावर दिव्यांची दोन भोकं बुजवलेली आहेत. त्याने सोबत फोटो जोडलाय, तोच, आतलं चाक हवेत असलेला, आणि त्यावर भोकांची मापं लाल रेघांनी काढून दाखवली आहेत. ती जुळतात. मी स्वतः पट्टी लावून पाहिलं. माझ्या छपरावरची चार सेंटीमीटर पुढे आहेत.

त्याला पाटी विकत हवी आहे. रक्कम बरी आहे. आण्णा म्हणतात, "देऊन टाक, ज्याची त्याला मिळू दे." पण ती काढली की माझ्याकडे अकरा स्टडचं इंजिन असलेली, नाव नसलेली एक गाडी उरते. रिव्हेट चार आहेत. मेलला अजून उत्तर दिलेलं नाही.